वायर जोडली, तरी वेग का नाही?

सदर : घरचा तंत्रज्ञ



वायफायचा भरवसा नाही म्हणून घरात वायर ओढून संगणक जोडला, तरीही इंटरनेट रखडतच चालते, याला काय करावे, अशी विचारणा अलीकडे बऱ्याच घरांतून होते. विचारणारे बहुतेक आई-वडील असतात. मुलगा किंवा मुलगी बँकेच्या, रेल्वेच्या वा एमपीएससीच्या परीक्षेची तयारी करीत असते. वर्ग संगणकावर, सराव परीक्षा संगणकावर, अर्ज संगणकावर आणि शिष्यवृत्तीचे कागदपत्रही संगणकावरच. दर महिन्याला कंपनीचे पैसे वेळेवर भरले जातात, तरी ऐन वेळी पडद्यावरचा गोल फिरत राहतो.

अशा वेळी आपल्याकडे दोनच उपाय केले जातात. पहिला, राउटर बंद करून पुन्हा चालू करणे. हा आपल्या घरांतला नवा मंत्रच झाला आहे. कधी गुण येतो, कधी येत नाही, पण का आला आणि का आला नाही हे कोणी विचारीत नाही. दुसरा उपाय खर्चाचा. नवा राउटर घ्या, मोठा प्लॅन घ्या, नवा संगणक घ्या. दोन्ही उपायांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे कारण न शोधता केलेला इलाज.

भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना जो उपदेश केला, तो आपण विहारात अनेकदा ऐकला आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय आहे. दुःख आहे, तर त्याला कारण आहे, कारण दूर केले तर दुःख दूर होते. ही विचारसरणी जीवनाच्या मोठ्या प्रश्नांना लागू आहे, तशीच ती घरातल्या तीस फुटी वायरीलाही लागू आहे.

आमच्या हिशेबखात्यातही हाच नियम चालतो. तेरीज पत्रक जुळले नाही, तर कोणी खतावणी फेकून नवी आणत नाही. एकेक नोंद पावतीशी ताडून पाहतो, आणि चूक जिथे असेल तिथेच दुरुस्त करतो.

आधी आकडा समजून घ्या

पहिला गोंधळ एककाचा आहे. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये. संगणकावर फाइल उतरवताना दिसतो तो बहुधा मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल, तर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट या गतीने उतरेल. बारा आकडा पाहून 'शंभराचे बारा केले' म्हणून कंपनीशी भांडायला जाऊ नये. तिथे हिशेब बरोबर आहे.

दुसरे, प्लॅनला महिन्याची मर्यादा आहे का ते बिलावर पाहावे. कित्येक प्लॅनमध्ये ठरावीक डेटा संपला की कंपनी वेग मुद्दाम खाली आणते. महिन्याचे पहिले वीस दिवस उत्तम आणि शेवटचे दहा दिवस रडतखडत, असे असेल तर वायरीला हात लावण्याचे कारण नाही.

तिसरे, एक वही करा. तारीख, वेळ, संगणक कोणत्या वायरीने जोडला होता आणि वेग किती आला, हे चार रकाने पुरेत. मोजताना घरातले इतर मोबाइल, टीव्ही यांचे नेट बंद ठेवा आणि संगणकाचे वायफायही बंद करा. नाही तर वायर लावलेली असते, पण संगणक वायफायवरूनच चाललेला असतो, आणि आपण वायर तपासत बसतो.

दोष कंपनीचा की घरातला?

आता मुख्य चाचणी. राउटर जिथे आहे तिथे संगणक न्या. लॅपटॉप असेल तर सोपेच आहे, नसेल तर शेजाऱ्याचा घटकाभर मागून आणा. राउटरसोबत आलेल्या छोट्या, चांगल्या वायरीने तो थेट जोडा आणि वेग मोजा.

इथेच वेग कमी आला, तर दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा, राउटरचा किंवा प्लॅनचा. इथे वेग पूर्ण आला आणि आतल्या खोलीत कमी, तर दोष घरातल्या वायरीचा किंवा आतल्या संगणकाचा. एवढ्या एका चाचणीने अर्धे काम होते. पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वायर बदलली तर संगणक तोच ठेवा, संगणक बदलला तर वायर तीच ठेवा. राउटरच्या मागचे छिद्र म्हणजे पोर्ट बदलून पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

संगणकच सांगतो ते वाचा

विंडोजच्या संगणकात सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट आणि त्यात इथरनेट असे उघडले, की 'लिंक स्पीड' नावाचा आकडा सापडतो. जुन्या आवृत्तीत त्यासाठी प्रॉपर्टीज उघडावे लागते. हा आकडा इंटरनेटचा वेग नव्हे. संगणक आणि राउटर यांनी आपसात, त्या वायरीची अवस्था पाहून ठरवलेली ही कमाल मर्यादा आहे. तो १०, १०० किंवा १००० असतो. काही नव्या यंत्रांत २५०० ही असतो.

प्लॅन २०० चा आणि लिंक स्पीड १०० असेल, तर वेग कधीही १०० च्या वर जाणार नाही. प्रत्यक्ष मोजणीत तो ९४-९५ च्या आसपास अडकतो, कारण प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरे लिहिण्यात थोडी जागा जाते. सकाळी ९४, दुपारी ९४, रात्री ९४ असे वहीत दिसले, की समजावे, कंपनी पुरे देते आहे, घरातच कुठे तरी बांध घातलेला आहे.

हे का होते? इथरनेटच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० च्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, १००० च्या वेगाला चारही लागतात. उरलेल्यांपैकी एखादी तार तुटली असली किंवा जोडलेलीच नसली, तर बरीच यंत्रे आपोआप १०० वर उतरतात. नेट बंद पडत नाही, म्हणून कोणाला संशयही येत नाही. काही ठिकाणी वायर टाकणारे मुद्दामच चार तारा जोडतात, किंवा एकाच वायरीच्या आठ तारा वाटून दोन घरांना जोडणी देतात. प्लॅन ४०-५० चा होता तेव्हा हे चालून गेले. आता प्लॅन मोठे झाले आणि जुनी काटकसर ग्राहकाच्या मुळावर आली.

तीन अपवादही लक्षात ठेवावेत. स्वस्त राउटरची छिद्रे मुळातच १०० ची असतात, तिथे वायर कितीही चांगली घाला, उपयोग नाही. लॅपटॉपला यूएसबीमधून लावण्याचा लॅनचा जोड असेल, तर तोही कित्येकदा १०० चाच असतो. आणि संगणकाच्या सेटिंगमध्ये कोणी वेग कायमचा '१०० फुल डुप्लेक्स' असा बांधून ठेवला असेल, तर तो 'ऑटो'वर आणावा. एक बाजू बांधलेली आणि दुसरी ऑटोवर असली, की दुसरी बाजू अर्ध्या पद्धतीने, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचे या रीतीने चालते. मग दोघे एकाच वेळी बोलतात, पाकिटे आपटतात आणि वेग ढासळतो.

शंभर पत्रे पाठवा, किती पोहोचली ते मोजा

लिंक स्पीड ठीक असूनही नेट अडखळत असेल तर पुढची चाचणी करा. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या. अर्थात ती रोमन अक्षरांतच टाइप करायची. 'डीफॉल्ट गेटवे' समोर दिसेल तो आपल्या राउटरचा पत्ता. मग 'पिंग', त्यानंतर तो पत्ता, आणि शेवटी आडवी रेघ जोडून 'एन' व १०० असे टाइप करा. संगणक राउटरला शंभर छोटी पत्रे पाठवतो आणि किती उत्तरे आली ते सांगतो. वायर निरोगी असेल तर शंभरच्या शंभर उत्तरे येतात, तीही एक-दोन मिलिसेकंदांत. घरातल्या घरात दोन-चार जरी हरवली, तरी काही तरी बिघडले आहे असे निश्चित समजावे.

दोन-चार हरवल्याने एवढे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण उत्तर आले नाही की संगणक ते पाकीट पुन्हा पाठवतो, आणि वाटेत गर्दी आहे असे समजून स्वतःचा वेगही कमी करतो. म्हणून शंभरात पाच हरवली तर वेग पाच टक्क्यांनी नव्हे, तर कितीतरी पटींनी पडतो.

एका घरातली गोष्ट

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे उदाहरण देतो. मुलगी पदवीधर, बँक परीक्षेची तयारी करणारी. वडिलांनी ५० चा प्लॅन २०० चा करून घेतला, मुलीसाठी आतल्या खोलीपर्यंत वायर ओढून घेतली. तरी सराव परीक्षेत तिची उत्तरे वेळेत जमा होत नसत. वर्गात शिक्षकाने प्रश्न विचारला, तर तिचा आवाज तुटत जाई. गुण कमी पडू लागले. घरात हळूहळू बोलणे सुरू झाले की, हिचे लक्षच नाही, मोबाइल फार झाला, एवढा खर्च करून काय उपयोग. तिच्या लग्नाचा विषयही निघू लागला. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. राउटरपाशी मोबाइल धरून "वेग बरोबर आहे, तुमचा संगणक जुना आहे" असे सांगून गेला. वडील पतसंस्थेतून कर्ज काढून नवा संगणक घेण्याच्या बेतात होते.

आम्ही वर सांगितलेल्या क्रमानेच पाहिले. राउटरपाशी तोच संगणक जोडला, वेग १९० च्या वर. म्हणजे संगणक निर्दोष ठरला. आतल्या खोलीत लिंक स्पीड १०० आणि वेग कधी ८, कधी ५. पिंगची सात पत्रे शंभरात हरवली. मग वायर हाताने चाचपत गेलो. दाराच्या चौकटीवर ती लोखंडी यू-खिळ्याने इतकी घट्ट ठोकली होती की आवरण फाटले होते, आणि पुढे कपाटाच्या पायाखाली ती चेपली होती. टोकाचा कनेक्टर उजेडात धरला, तर आत चारच तारा. ब्लेडने तार खरवडली तर वरून तांबूस, आतून पांढरी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. नवी तांब्याची कॅट सहा वायर टाकली. खर्च काही शे रुपये. वेग १८५ च्या पुढे गेला आणि शंभर पत्रांना शंभर उत्तरे आली.

वाचकहो, पैसे वाचले ही गोष्ट लहान आहे. मोठी गोष्ट ही की, दोष वायरीत होता आणि ठपका मुलीवर ठेवला जात होता. व्यवस्थेतला दोष माणसाच्या माथी मारायचा आणि त्यालाच नालायक ठरवायचे, हा प्रकार आपल्या समाजाला नवा नाही. पिढ्यान्‌पिढ्या शाळेची दारे बंद ठेवून वर 'यांना बुद्धीच नाही' म्हणणारे आपण पाहिले आहेत. निदान आपल्या घरात तरी आपल्या लेकीवर तपासणीशिवाय ठपका ठेवू नका. आधी वायर तपासा, मग बोला.

वायर घेताना आणि टाकताना

वायरीच्या आवरणावर तिची जात छापलेली असते. कॅट पाच ही जुनी. कॅट पाच-ई किंवा कॅट सहा घ्यावी, घरासाठी दोन्ही १००० च्या वेगाला पुरेशा आहेत. नुसत्या छापावर जाऊ नये. दुकानदाराला 'शुद्ध तांब्याची' म्हणून विचारावे, बिलावर तसे लिहून घ्यावे आणि टोक खरवडून पाहावे. मुलाम्याची वायर हलकी व स्वस्त असते, पण लवकर मोडते आणि प्रमाणित वायरीत ती मोडतही नाही. 'वस्तीत हेच चालते' असे कोणी म्हणाले, तर पैसे आम्हीही तेच मोजतो, असे शांतपणे सांगावे.

इथरनेटच्या एका सलग वायरीची मर्यादा १०० मीटर आहे. आपल्या घरांत तेवढी लांबी लागत नाही. मात्र इमारतीच्या गच्चीवरच्या पेटीतून वायर थेट घरी आली असेल, तर लांबीचा अंदाज जरूर घ्यावा. वायर विजेच्या तारांना चिकटून समांतर नेऊ नये, ओलांडायची झाल्यास काटकोनात ओलांडावी. लोखंडी खिळ्याऐवजी प्लास्टिकची सैल क्लिप वापरावी. कोपऱ्यावर कागदासारखी घडी घालू नये, गोलाई ठेवावी. मध्येच तोडून पिळा मारून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड असेल, तर ती वायरच बदलावी.

कनेक्टर बसवण्याची रीत

टोकाच्या कनेक्टरची चाप तुटली असेल किंवा तार सुटली असेल, तर पूर्ण वायर बदलावी लागत नाही. नवा कनेक्टर बसवता येतो. त्यासाठी क्रिम्पिंग टूल, आठ दिव्यांचा साधा टेस्टर आणि काही कनेक्टर लागतात. हे साहित्य प्रत्येक घराने घेण्याची गरज नाही. विहाराच्या अभ्यासिकेत एक संच असला तर साऱ्या वस्तीचे काम भागेल.

वायरीचे बाहेरचे आवरण इंचभर सोलावे, आतल्या तारांना ओरखडा जाऊ देऊ नये. पीळ सोडून तारा या क्रमाने लावाव्यात : १) नारिंगी-पांढरी, २) नारिंगी, ३) हिरवी-पांढरी, ४) निळी, ५) निळी-पांढरी, ६) हिरवी, ७) तपकिरी-पांढरी, ८) तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. तारा सरळ करून अर्धा इंच ठेवून एका रेषेत कापाव्यात. कनेक्टरची चाप खाली व मागचे तोंड आपल्याकडे धरले, की डावीकडची पहिली जागा. तारा शेवटपर्यंत सरकवाव्यात. समोरून आठही टोके दिसली पाहिजेत आणि बाहेरचे आवरणही कनेक्टरच्या आत आले पाहिजे. मग टूलने घट्ट दाबावे.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. काही जण रंगांच्या जोड्या ओळीने लावतात, नारिंगीची जोडी, मग हिरवीची, निळीची, तपकिरीची. दोन्ही टोकांना सारखेच असल्याने टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात आणि काम चोख झाले असे वाटते. पण तिसरी आणि सहावी तार एकाच पिळाची असावी लागते, म्हणून तर हिरव्या जोडीच्या मध्ये निळी येते. जोडीचा पीळच बाहेरचा व शेजारचा व्यत्यय रोखतो. जोडी फोडली की ते संरक्षण गेले. म्हणून दिवे लागले, तरी रंगांचा क्रम डोळ्यांनी पाहावा. याच कारणाने पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नये.

हे काम मुलींना शिकवा. यात बळ लागत नाही, रंग ओळखण्याची नजर आणि सबुरी लागते.

कुठे थांबावे

फायबरची, म्हणजे काचेची बारीक वायर घरी येत असेल, तर तिला हात लावू नये, वाकवू नये आणि तिच्या टोकात डोळा लावून पाहू नये. खांबावर, गच्चीच्या कठड्यावर चढू नये. ते काम कंपनीचे आहे. घरातही वायर हाताळताना राउटरचा प्लग काढून ठेवावा.

राउटरपाशीच वेग कमी असेल तर तक्रार करावी, पण तोंडी नव्हे. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून वहीत लिहावा, मोजणीची पाने जोडावीत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीचे समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्याला शुल्क नाही. तारीखवार आकडे समोर असले की "तुमचा संगणक जुना आहे" हे उत्तर टिकत नाही. बाबासाहेबांनी कोणताही प्रश्न मांडताना आकडेवारी आणि पुरावा कधी सोडला नाही. त्यांच्या वाटेने जायचे, तर वायरीच्या तक्रारीतही तीच शिस्त हवी.

थोडक्यात क्रम असा : प्लॅन व एकक पाहा, राउटरपाशी मोजा, लिंक स्पीड वाचा, शंभर पत्रे पाठवा, वायर डोळ्यांनी व हाताने तपासा, कनेक्टर पाहा, आणि खर्चाचा विचार सर्वांत शेवटी करा. हे कात्रण कापून राउटरशेजारी चिकटवून ठेवले तरी चालेल.

ज्यांना कनेक्टर बसवता येतो, त्यांनी येत्या रविवारी आपल्या विहारात दोन मुलामुलींना तो शिकवावा, एवढी विनंती. पुढच्या अंकात : जुना संगणक विकत घेताना काय पाहावे.

नमो बुद्धाय! जयभीम!